अंपायर सुलेखा गद्रे आणि चोपन्न नंबरचा फाऊल

बरगडीवर हेल्मेट आदळलं की कसा आवाज येतो, हे जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी बायकांपैकी फक्त सुलेखा गद्रेला ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे चांगलं पाच फुटांवरून ठाऊक. इतर बायका रविवारी इडलीचं पीठ भिजवायच्या, आणि ही बाई काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून, शंभर-सव्वाशे किलोच्या पुरुषांच्या मधोमध उभी राहून, कोण कोणाला कुठे मारतोय ते बघायची. तेही हौसेने!

अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडच्या फुटबॉलचं आणि त्याचं काही नातं नाही. लांबोळका चेंडू, तो हातात घेऊन पळायचं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा करायचा. जर्मनीत या खेळाची लीग आहे. संघातले दोन-चार अमेरिकन पगारी असतात, बाकीचे आठवडाभर कारखान्यात नाहीतर ऑफिसात खपतात आणि शनिवारी एकमेकांची हाडं मोडतात. सगळ्या पंचांत अंपायरची जागा वाईट. बाकीचे पंच कडेला, नाहीतर मागे. अंपायर थेट बचाव करणाऱ्यांच्या घोळक्यात. सुलेखा अंपायर होती. तिचं गळ्याजवळचं हाड एकदा मोडलं होतं, बोटं दोनदा. नवरा श्रीनाथ प्लास्टर बघून एवढंच म्हणायचा, "लोक योगा करतात गं."

पण योगा हिच्या स्वभावात कुठला बसायला! ठाण्याला असताना सोसायटीत कोणी गाडी वाकडी लावली तर ही चौथ्या मजल्यावरून ओरडायची. नाकावर राग आणि तोंडावर सत्य, असा प्रकार. कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचं काम. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. एकदा ऑफिसातल्या कोणीतरी तिला मॅच बघायला नेलं. तिथे पडलेल्या माणसाच्या पोटात दुसऱ्याने गुडघा घातला आणि कोणाच्या बापाला दिसलं नाही. सुलेखा स्टँडमधून अस्सल मराठीत जे ओरडली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारचा जर्मन हसून म्हणाला, "एवढं दिसतं तर तूच हो की पंच!" तो गमतीत म्हणाला. हिने पुढच्याच महिन्यात नाव नोंदवलं.

पहिली काही वर्षं खेळाडू तिला बघून हसले. मग कळलं, ही बाई ढिगाऱ्याखाली डोकं घालून बघते. कोणी डोळ्यात बोट घातलं, कोणी पडलेल्याच्या घोट्यावर पाय दिला, की कमरेचा पिवळा फ्लॅग हवेत. फ्लॅग पडला म्हणजे फाऊल. साध्या फाऊलला संघ मागे सरकतो. पण समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेटने मारलं तर माणूस मैदानाबाहेर, आणि पुढचा सामनाही गेला. याला ते श्पेरं म्हणतात, बंदी. सुलेखाचा फ्लॅग पडला की मोठमोठे धटिंगण मान खाली घालून चालू लागायचे, वाद घालायचे नाहीत. फ्राऊ गाद्रेने, म्हणजे जर्मन तोंडातल्या गद्रेबाईंनी, पाहिलंय म्हणजे पाहिलंय. लीगभर तिची ही एकच कमाई होती, आणि ती तिला जिवापाड प्रिय होती.

आता सिद्धांत. सिद्धांत खराडे, कुरुंदवाडचा. श्टुटगार्टला शिकायला आला तेव्हा दोन वर्षं गद्र्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहिला. अंगाने आडवा, तोंडाने गोड, आणि भाकरी मिळाली की जग जिंकल्यासारखा चेहरा. गावाकडे कबड्डी खेळलेला. सुलेखाने त्याला एकदा सरावाला नेलं, तर दहा मिनिटं बघून म्हणाला, "ताई, धरून आपटायचं आणि वर टाळ्या? हे तर आपलंच काम की वो!" पुढे ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तिकडच्या एल्बे हिर्शे नावाच्या संघात तो चोपन्न नंबर घालून खेळू लागला. त्याची पकड बघण्यासारखी होती. इतर पोरं डोकं खाली घालून बैलासारखी घुसायची. हा डोकं बाजूला काढून खांदा पोटात द्यायचा आणि कमरेला मिठी मारायचा. कबड्डीत मान मोडून घेतलेले लोक त्याने पाहिले होते. "मान वाचवली तर माणूस वाचला," तो म्हणायचा.

दर भाऊबीजेला तो ड्रेस्डेनहून बॉबलिंगेनला यायचा आणि सुलेखा त्याला ओवाळायची. स्वतःचा भाऊ तिला नव्हता. हा होता.

दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात लीगची उपान्त्य लढत ड्रेस्डेनजवळ होती. हिर्शे विरुद्ध हार्त्स ग्रानिट. पंच दुसऱ्या प्रांतातले हवेत, म्हणून दक्षिणेकडची तुकडी लावली. तुकडीचा मुख्य पंच ऊवे ब्राण्ड, पांढऱ्या टोपीचा, निवृत्त फौजदार. त्याने सगळ्यांना विचारलं, कोणाचा नातेवाईक खेळतोय का? नातेवाईक म्हणजे रक्ताचा, नाहीतर लग्नाचा. सुलेखा म्हणाली, "नाईन." म्हणजे नाही. खरंच होतं ते. कागदोपत्री सिद्धांत तिचा कोणी नव्हता. ओवाळणीचं तबक कुठल्या कागदावर दाखवणार? ऊवेला समजावून सांगायला बसली असती तर तोच म्हणाला असता, नातेवाईक नाही ना, मग झालं. पण तिने सांगितलं नाही, एवढं खरं.

आणि सिद्धांतने काय केलं? सामन्याआधी सगळे अंग मोकळं करत होते, स्टँड भरलेला, आणि हा पठ्ठ्या पळत पळत आला, मैदानाची माती कपाळाला लावली आणि वाकून सुलेखाच्या पायांना हात लावला. कुस्ती असो की कबड्डी, त्याच्या गावात उतरण्याआधी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं हे दात घासण्याइतकं साधं. त्याच्या मनात काहीही नव्हतं. सुलेखाने पटकन पाय मागे घेतले.

"अरे वेड्या, ऊठ!"

"आशीर्वाद द्या की."

"ऊठ आधी! पळ इथून!"

तो हसत पळाला. समोर ग्रानिटचा कोच रीगर हाताची घडी घालून उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो ऊवेकडे गेला, ऊवे सुलेखाकडे आला.

"कोण आहे तो?"

"पूर्वी भाडेकरू होता. आमच्याकडे मोठ्यांना असा नमस्कार करतात."

ऊवेने मान हलवली. आयत्या वेळी दुसरा अंपायर आणणार कुठून? पण रीगरचं समाधान व्हायचं नव्हतं. पहिल्या चेंडूपासून त्याच्या बाकावरून एकच शब्द यायला लागला. ब्रुडर. भाऊ. मेल्यांना खरं काही माहीत नव्हतं, पण दगड नेमका लागला होता.

सामना पहिल्या मिनिटापासूनच हातघाईवर आला. ग्रानिटच्या एकाने हिर्शेच्या पोराची करंगळी ढिगाऱ्यात उलटी वाकवली. सुलेखाने फ्लॅग टाकला. "ब्रुडर!" दुसऱ्याने पडलेल्याच्या मानेवर कोपर घातलं, फ्लॅग. "ब्रुडर! ब्रुडर!" आता स्टँडमधले ग्रानिटचे पाठीराखेही ओरडू लागले. हिर्शेच्या एकाचं नाक फुटलं, त्याने रक्त सुलेखाच्या बुटाजवळ थुंकलं आणि परत रांगेत उभा राहिला. हेल्मेटवर हेल्मेट आदळत होतं. माणसं गुरगुरत होती, आया-बहिणींचा उद्धार दोन-तीन भाषांत चालला होता. एरवी या गोंगाटात सुलेखाचं डोकं थंडगार असायचं. आज तिला फक्त तो एक शब्द ऐकू येत होता.

मध्यंतरानंतर ढिगाऱ्यात ग्रानिटच्या बहात्तर नंबरने सिद्धांतच्या बरगडीत मूठ घातली. एकदा नाही, तीनदा. सुलेखा गुडघ्यावर बसून बघत होती, अगदी समोर. तिचा हात कमरेशी गेला आणि तिथेच राहिला. ग्रानिटवर आधीच दोन झालेत. आता चोपन्नसाठी तिसरा टाकला तर? तिने हात काढून घेतला.

सिद्धांत बरगडी धरून उठला. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. त्याला वाटलं, तिला दिसलं नसेल.

शेवटची पाच मिनिटं. हिर्शे तीन गुणांनी पुढे. ग्रानिटने आखूड पास टाकला. चेंडू डोक्यावरून गेला की अंपायरने वळायचं, तशी ती वळली. अकरा नंबरच्या पोराने चेंडू घेतला आणि सिद्धांत आला. डोकं बाजूला, खांदा पोटात, दोन्ही हात कमरेभोवती. स्वच्छ. शाळेत शिकवावी अशी पकड. पोरगा मागे गेला, पाठीवर पडला आणि त्याचं डोकं मागच्या मागे जमिनीवर आपटलं. खाड्कन. मग तो हललाच नाही. तोंडातून रक्ताची धार लागली, जीभ चावली गेली होती, आणि एक हात कोपरातून वर उचलला जाऊन तसाच ताठ राहिला.

मग रीगरच्या बाकावरचे सगळेच्या सगळे उभे राहिले आणि सुलेखाकडे बोट करून ओरडू लागले.

सुलेखाचा फ्लॅग हवेत गेला.

अहो, कसा गेला ते विचारू नका. डोळ्यांनी पाहिलं होतं एक आणि हाताने केलं दुसरं. डॉक्टर धावले. ऊवे तिच्याजवळ आला. फ्लॅग उचलता येतो. पंचांनी आपसात बोलून, फाऊल नाही असं ठरवलं की मामला मिटतो. ऊवेने तिला ती संधी दिली, सावकाश विचारलं.

"हेल्मेटवर हेल्मेट? नक्की?"

पोराला स्ट्रेचरवर घालत होते. ग्रानिटचे लोक तीन पावलांवर श्वास रोखून उभे होते.

"हो," सुलेखा म्हणाली. "नक्की. डोक्यावर."

ऊवेने माइकवर सांगितलं. पंधरा यार्ड, आणि चोपन्न नंबर बाहेर. म्हणजे संघ जिंकला तरी त्याची बर्लिनची अंतिम लढत गेली. हिर्शेचे दहा जण ऊवेच्या अंगावर धावले. एकाने हेल्मेट काढून जमिनीवर हाणलं. सिद्धांत मात्र जागच्या जागी उभा होता, हात लोंबकळत. त्याने सुलेखाकडे बघितलं, मग आपल्या लोकांना मागे ढकलू लागला. जर्मनमध्ये ओरडून म्हणाला, "तिने पाहिलंय! तिने पाहिलंय म्हणजे माझं डोकं लागलं असणार! गप्प बसा!" आणि मान खाली घालून चालू लागला.

सुलेखाला वाटलं, या पोराने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

पुढच्याच चेंडूला भडका उडाला. हिर्शेचा लांब केसांचा एक जण शिट्टी वाजल्यानंतर बहात्तर नंबरवर मागून धावला आणि त्याला तोंडावर पाडला. मग कोण कोणाला मारतंय याला धरबंध राहिला नाही. दोन्ही बाकांवरून माणसं मैदानात घुसली. हेल्मेटं हातात घेऊन मारत होते. एकाचा दात उडालेला सुलेखाने पाहिला. ती शिट्टी फुंकत, मारामारी करणाऱ्यांचे नंबर लक्षात ठेवत मधे उभी होती, तिचं कामच ते. तेवढ्यात बाजूने कोणीतरी आदळलं आणि ती खाली गेली. तिच्या उजव्या हातावर खिळ्यांचा बूट पडला, बोटं आतल्या आत कटकट मोडली. एक गुडघा बरगडीत बसला. श्वास बंद. वर नुसते पाय, नुसते बूट. आता डोक्यावर एक पडणार आणि संपलं, हे तिला अगदी स्पष्ट कळलं. तिने डोळे मिटून घेतले.

अंगावर एक वजन आलं आणि तिथेच थांबलं.

"हलू नका ताई," कानाशी आवाज आला. "मान आत घ्या. मान वाचवा."

सिद्धांत तिच्यावर पालथा पडला होता. हेल्मेट नाही, नुसता शर्ट. प्रत्येक लाथ बसली की त्याच्या छातीतून निघालेला हुंकार तिच्या पाठीत उतरायचा. तिने ते सगळे ऐकले. पोलीस येईपर्यंत तो तसाच पडून होता.

उरलेली मिनिटं खेळवली आणि सामना हिर्शेने जिंकला. पण बाहेर काढलेला खेळाडू परत मैदानात आला की नियम सरळ आहे: एक वर्ष बंदी. का आला, कशासाठी आला, नियम विचारत नाही.

संध्याकाळी पंचांच्या खोलीत सुलेखाचा हात फळीला बांधलेला होता. ऊवे समोर बसला. "सुलेखा, तो तुझा जीव वाचवायला आला असं मी सांगेन. थोडी शिक्षा कमी करतील. बर्लिन मात्र गेलं."

"ऊवे, तो फाऊल नव्हता."

ऊवे म्हणाला, "नीट विचार करून बोल. तू म्हणालीस, 'बघण्यात चूक झाली,' तर काही होणार नाही. पंचाला जे दिसलं ते दिसलं, तो निर्णय नंतर बदलत नाही. चूक सगळ्यांची होते. तुझं नाव राहील, तो बाहेर राहील."

"आणि निर्णय बदलायचा असेल तर?"

"तर तुला सांगावं लागेल की तू बरोबर पाहिलंस आणि जाणूनबुजून खोटा फ्लॅग टाकलास. तसं झालं तर बाहेर काढणंच रद्द. मग तो बाहेर काढलेला खेळाडूच उरत नाही, परत येण्याची शिक्षाही पडते. पण मग तू..." त्याने पांढरी टोपी टेबलावर ठेवली. "तू परत कधी शिट्टी हातात धरायची नाहीस. बच्चेकंपनीच्या सामन्यातसुद्धा."

सुलेखा गाडीने बॉबलिंगेनला परतली. घरी आल्यावर श्रीनाथने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "चूक झाली म्हण आणि मोकळी हो. कोण येणारे बघायला?" ती त्याच्यावर अशी खेकसली की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मग स्वयंपाकघरात जाऊन, मोडका हात ओट्यावर ठेवून, मोठ्याने रडली. चूक झाली असती तर रडली नसती. चुका तिच्या झाल्याच होत्या आधीही. हे वेगळं होतं. रीगर एक शब्द ओरडला आणि आपण स्वतःच्या माणसाला कापून त्याच्यापुढे टाकला, आपण किती सरळ आहोत ते दाखवायला!

सुनावणी फ्रांकफुर्टच्या एका हॉटेलात ठेवली होती. दाराबाहेर बाकावर सिद्धांत बसला होता. डोळा काळानिळा, कानावर टाके, श्वास घेताना चेहरा वाकडा व्हायचा. तिला बघून उठायला लागला, तर तिने खांदा दाबून बसवला.

"त्या पोराचं कसं आहे?"

"बरा आहे की. हिंडतोय घरात. बोललो मी फोनवर, माफी मागितली. डोकं कसं लागलं, मलाच कळलं नाही बघा. सगळा व्हिडिओ पाहिला, त्यात मधे तुमचीच पाठ येती." तो कसनुसा हसला. "तुम्ही माझ्यासाठी काही वाढवून सांगू नका ताई. बर्लिन पुढच्या वर्षी खेळू. जे दिसलं तेच सांगा."

दोघांना आत बोलावलं.

टेबलामागे तिघे होते. मधल्या बाईने विचारलं, "फ्राऊ गाद्रे, तुम्हाला काय दिसलं?"

"खांदा पोटात लागलेला दिसला. डोकं बाजूला होतं. फाऊल नव्हता."

"म्हणजे आता तुम्हाला तसं वाटतंय?"

"आता नाही. तेव्हाच दिसलं होतं. फ्लॅग टाकायच्या आधी."

मधली बाई पुढे वाकली. "मग टाकला का?"

"तो माझा भाऊ आहे म्हणून," सुलेखा म्हणाली. "मी त्याला वाचवते असं सगळे ओरडत होते. मी त्याला वाचवत नाही हे मला दाखवायचं होतं."

पुढची विचारपूस झाली, तिने सगळं सांगितलं. ढिगाऱ्यातल्या तीन मुठीही सांगितल्या. निकाल तिथल्या तिथे लागला: चोपन्न नंबरवरचं सगळं रद्द, तो बर्लिनला खेळणार. फ्राऊ गाद्रेचं नाव पंचांच्या यादीतून कायमचं काढलं.

बाहेर आल्यावर ती बाकाजवळ थांबली. सिद्धांत मागून आला. खूश होईल असं तिला वाटलं नव्हतंच, पण निदान चिडेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि उजव्या हाताच्या मुठीकडे बघत राहिला. मुठीची सालं निघालेली होती.

"हे मैदानातलं न्हाई ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी मॅच संपल्यावर आमच्या टीममधला टोबियास म्हणाला, त्या बाईने मुद्दाम केलं. तिला सगळं दिसलं होतं. मी त्याच्या तोंडात हाणली. जबडा फुटला त्याचा. अजून नळीनं पितोय."

सुलेखाने त्याच्या मुठीकडे पाहिलं.

"खरं बोलत होता की वो तो," सिद्धांत म्हणाला. त्याने बॅग उचलून खांद्याला लावली. "त्याच्याकडे जातो आता. गाडी आहे साडेचारची."